दारूखान्यातील एक दुरुस्ती : पोलाद कापणारी ज्योत ॲल्युमिनियमवर वापरताना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि वर्षभर पुढे ढकललेली दुरुस्ती नाखवा मंडळी याच दिवसांत उरकून घेतात. येथे नोंदवलेले काम अशाच एका जुलैतले आहे. भाऊच्या धक्क्यावरच्या एका ट्रॉलरची दोन कामे मुंबईच्या दारूखान्यातल्या एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपकडे एकत्र आली. पहिले काम विंचखालची (जाळे ओढणाऱ्या यंत्राखालची) गंजून पोखरलेली बैठक बदलण्याचे होते. त्यासाठी १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटमधून नवी बैठक आणि तिला आधार देणारे त्रिकोणी तुकडे कापायचे होते. दुसरे काम इंजिन थंड ठेवणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीचे होते. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ती टाकी तळाच्या एका कोपऱ्यात चिरली होती आणि टाकीला भिंतीशी धरून ठेवणारा बाजूचा लग तुटला होता. दोन्ही कामे एकाच मिस्त्रींनी हाती घेतली. प्लेट अर्ध्या दिवसात उत्तम कापून झाली. टाकीचा कोपरा मात्र पहिल्याच प्रयत्नात वितळून खाली बसला.

हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले, कारण यातले मिस्त्री अनाडी नव्हते. रे रोड स्थानकाच्या पलीकडे जहाजे तोडणाऱ्या आणि जुने लोखंड विकणाऱ्या या पट्ट्यात गॅस कटिंगचे काम करीत त्यांचे आयुष्य गेले आहे आणि हातात कटर धरून ते जी सरळ रेघ कापतात, ती पाहण्यासारखी असते. वर्कशॉपचे मालक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत माझ्या हाताखाली वेल्डिंग शिकलेले. कोपरा बसल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले. मिस्त्रींचा प्रश्न थेट होता : "सर, ज्योत तीच, हात तोच. पत्रा लाल झालाच नाही आणि एकदम खाली बसला. असे का?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसते की, ज्या अनुभवाने त्यांना पोलादात निष्णात केले, त्याच अनुभवाने ॲल्युमिनियमवर त्यांची दिशाभूल केली.

पोलादाचे काम

प्लेट जहाजतोडीतून निघालेली होती आणि तिच्यावर जुन्या रंगाचे अनेक थर होते. अशा रंगांत शिसे असू शकते आणि ज्योतीखाली त्याचा विषारी धूर थेट कापणाऱ्याच्या श्वासात जातो. म्हणून कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचा रंग वीतभर रुंदीत आधी खरवडून काढला होता. दारूखान्यात ही दक्षता सगळीकडे घेतली जात नाही, हे मी खेदाने नोंदवतो. या वर्कशॉपने ती घेतली.

कापण्यासाठी ऑक्सिजन आणि एलपीजी हा या भागातला नेहमीचा संच होता. मिस्त्रींनी जाडीप्रमाणे नोझल निवडले, नोझलच्या कडेच्या छिद्रांतून येणाऱ्या ज्योतींनी प्लेटची कड तापवली आणि ती लालभडक झाल्यावर मधल्या छिद्राचा ऑक्सिजन सोडणारा खटका दाबला. त्यानंतर मिनिटाला सुमारे ४०० मिलिमीटर वेगाने, ज्योतीचे आतले टोक प्लेटपासून दोनतीन मिलिमीटर वर ठेवून, त्यांनी रेघ पूर्ण केली. काप बरोबर चालला आहे की नाही, हे ते डोळ्यांइतकेच कानांनी ओळखतात : कापड फाडल्यासारखा सलग आवाज येत राहिला पाहिजे, तो तुटू लागला की वेग चुकला किंवा नोझल चोंदले. कापलेल्या कडेवरच्या बारीक रेघा उभ्या आणि सारख्या अंतराच्या होत्या आणि खाली थिजलेला ऑक्साइडचा मळ, म्हणजे स्लॅग, हातोडीच्या हलक्या टोल्याने निघून आला. बोल्टची छिद्रे त्यांनी गॅसने न पाडता ड्रिलने पाडली. विंचला बसणारे हिसके लक्षात घेता तोच निर्णय योग्य होता.

या कापात नेमके काय घडते, याकडे लक्ष दिले पाहिजे, कारण पुढची सगळी मीमांसा त्यावर उभी आहे. गॅस कटिंगमध्ये ज्योत पोलाद वितळवून कापते असा सर्वसाधारण समज आहे, पण ज्योतीचे काम फक्त तापवण्याचे असते. सुमारे ९०० अंश सेल्सियसला पोहोचलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत पडला की लोखंड स्वतःच जळू लागते आणि त्या जळण्यातून इतकी उष्णता निघते की काप पुढे सरकत राहतो. तयार झालेले लोहाचे ऑक्साइड सुमारे १,३७० अंशांना वितळते, तर पोलाद वितळायला १,५०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे ऑक्साइड धातूच्या आधी पातळ होते, झोताबरोबर खाली वाहून जाते आणि झोताला पुन्हा नवे, उघडे लोखंड मिळते. ऑक्सिजनच्या शुद्धतेला म्हणूनच इतके महत्त्व आहे, ती ९९.५ टक्क्यांच्या खाली थोडी जरी घसरली तरी कापाचा वेग झपाट्याने उतरतो.

पत्रा लाल का झाला नाही

ॲल्युमिनियममध्ये हा क्रम उलटा आहे. धातू ६६० अंशांना वितळतो आणि त्याच्यावर हवेत आपोआप धरणारा ऑक्साइडचा पातळ थर २,०५० अंशांच्याही पुढे वितळतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या झोताने ॲल्युमिनियम कापता येत नाही, आणि त्याच कारणाने ते ज्योतीने जोडणेही अवघड होते. वरचा थर घट्ट राहतो, आत धातू पाण्यासारखा पातळ झालेला असतो, आणि पाहणाऱ्याला वरून काहीच कळत नाही. पोलाद ५०० अंशांच्या पुढे अंधुक लाल दिसू लागते आणि मग केशरी, पिवळे होत जाते. ॲल्युमिनियम मात्र वितळण्याच्या क्षणापर्यंत उजेडात रंग बदलत नाही. मिस्त्री ज्या लालीची वाट पाहत होते, ती कधी येणारच नव्हती.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. ॲल्युमिनियम उष्णता सौम्य पोलादाच्या चारपाच पटींनी वेगाने वाहून नेते. म्हणून सुरुवातीला कितीही तापवले तरी पत्रा दाद देत नाही आणि एकदा सगळा पत्रा भरून तापला की अगदी थोड्या वाढीव उष्णतेने मोठा भाग एकदम ढासळतो. शिवाय वितळण्याच्या जवळ आलेला हा धातू इतका दुबळा होतो की त्याला स्वतःचे वजनही पेलत नाही. टाकीचा कोपरा खाली बसला तेव्हा त्याला खालून कसलाही आधार दिलेला नव्हता. पोलादी पत्र्याला तो लागलाही नसता.

मिस्त्रींना हे समजावताना मी एवढेच म्हणालो की, पोलादात ऑक्साइड तुमच्या मदतीला आधी धावते आणि इथे तेच शेवटपर्यंत वाट अडवून बसते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग ते हटवायचे कशाने?" योग्य प्रश्न तोच होता.

गॅस कोणता, आणि गॅसच का

मालकांचा पहिला विचार एलपीजीवरच हे काम उरकण्याचा होता, कारण ते हाताशी होते. हा विचार मला पटला नाही. एलपीजीमधल्या प्रोपेनची एकूण उष्णता ॲसिटिलीनपेक्षा जास्त असली तरी ती कुठे निघते हे पाहावे लागते. प्रोपेनच्या ज्योतीत आतल्या शंकूतून दर घनमीटरला सुमारे १० मेगाज्यूल उष्णता मिळते आणि बाहेरच्या पसरट ज्योतीतून सुमारे ८५. ॲसिटिलीनमध्ये आतल्या शंकूतून सुमारे १९ आणि बाहेरून सुमारे ३६. कापताना प्लेट रुंद तापली तरी बिघडत नाही, त्यामुळे तिथे एलपीजी स्वस्त आणि उत्तम. पातळ ॲल्युमिनियम जोडताना मात्र उष्णता सांध्यावर एकवटलेली हवी आणि आजूबाजूचा पत्रा शक्य तितका थंड राहायला हवा. खेरीज ॲसिटिलीनची ज्योत किंचित जास्त इंधनाची ठेवून ऑक्साइड वाढू न देणे सोपे जाते.

म्हणून डीए, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा, सिलिंडर मागवला. तो टेम्पोतून आडवा आला. ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये सच्छिद्र भरणात शोषलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळलेले असते. सिलिंडर आडवा केल्यावर लगेच वापरला तर ॲसिटोन वायूबरोबर नळीत येते, ज्योत बिघडते आणि सिलिंडरातल्या वायूचा आधारही कमी होतो. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसारही हे सिलिंडर उभेच ठेवायचे असतात. आम्ही तो साखळीने बांधून रात्रभर उभा ठेवला आणि काम दुसऱ्या दिवसावर गेले. नाखवांना हे आवडले नाही, पण त्यांनी ऐकून घेतले. रेग्युलेटर, नळी आणि ब्लोपाइप डीएसाठीचेच वापरले, दोन्ही नळ्यांवर ज्योत उलटी आत शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर बसवले आणि ॲसिटिलीनचा दाब १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या बराच खाली ठेवला, कारण त्याहून जास्त दाबाखाली हा वायू ऑक्सिजनशिवायही स्फोटाने विघटित होऊ शकतो.

हे काम आर्गन वेल्डिंगला (आर्गन वायूच्या आवरणात विजेच्या आर्कने जोडण्याला) का दिले नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. आज ॲल्युमिनियमसाठी ती पद्धत निःसंशय सरस आहे : ऑक्साइड हटवणारा फ्लक्स लागत नाही, आर्क स्वतः ऑक्साइड फोडतो, धुण्याची कटकट नाही. टाकी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असती तर मी गॅसचा आग्रह धरलाच नसता, कारण मॅग्नेशियमच्या ऑक्साइडपुढे नेहमीचा फ्लक्स कमी पडतो. इथे मात्र पत्रा मऊ, जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा होता. कॉस्टिक सोड्याच्या थेंबाखाली तो काळा न पडता पांढरा राहिला, त्यावरून सिलिकॉन किंवा तांबे नाही एवढे कळले, आणि तो हाताने सहज वाकत होता. जुलैच्या गर्दीत आसपासच्या आर्गनवाल्यांकडे टाकी अडकून पडली असती. १९४० च्या दशकात आर्गनची पद्धत रुळण्यापूर्वी विमानांच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या गॅसच्या ज्योतीनेच जोडल्या जात, हेही विसरता कामा नये. पद्धत जुनी आहे, कच्ची नाही; फक्त ती शिस्त मागते.

सांधा, फ्लक्स आणि धुणे

बसलेला कोपरा आता दुरुस्त होण्यासारखा राहिला नव्हता. मालक म्हणाले, वरून ठिगळ लावून चारी बाजूंनी जोडून टाकू. मी याला ठाम विरोध केला. ॲल्युमिनियमचा फ्लक्स लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांच्या क्लोराइड व फ्लोराइड क्षारांचा असतो. ज्योतीखाली तो वितळून ऑक्साइड विरघळवतो, मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर तोच आहे; पण काम संपल्यावर उरलेला फ्लक्स हवेतला ओलावा ओढून घेतो आणि ज्या धातूला त्याने जोडले त्यालाच खाऊ लागतो. ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्या फटीत शिरलेला फ्लक्स कोणत्याही ब्रशने बाहेर काढता येत नाही. म्हणून खराब भाग चौकोनी कापून काढला, त्याच मापाचा नवा तुकडा कड कडेला भिडवून बसवला, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचेल अशी व्यवस्था केली.

पुढचे काम मिस्त्रींनीच केले आणि मी शेजारी उभा राहिलो. कडा सॉल्व्हंटने पुसून, मग स्टेनलेस स्टीलच्या स्वच्छ ब्रशने घासल्या. पोलादावर वापरलेला ब्रश मुद्दाम बाजूला ठेवला. टाकीची सर्व बुचे काढली, जेणेकरून आत हवा कोंडू नये. तुकड्याखाली विटांचा आधार दिला. फ्लक्सची पावडर स्वच्छ पाण्यात लापशीइतकी कालवून सांध्यावर आणि सांधा भरायच्या पाच टक्के सिलिकॉनच्या फिलर रॉडवर लावली. पावसाळ्यात या पावडरीचा डबा क्षणभरही उघडा ठेवता येत नाही. ओलावा म्हणजे हायड्रोजन, आणि वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो घट्ट धातूच्या सुमारे वीसपट विरघळतो. धातू थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि सांध्यात बुडबुड्यांची जाळी उरते. रॉड आणि पत्रा दोन्ही आधी शेकून कोरडे केले ते त्याचसाठी.

रंग दिसत नसेल तर तापमान ओळखायचे कसे, याची दोन साधने मिस्त्रींना दिली. पहिले काजळीचे : ऑक्सिजन न देता नुसत्या ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने फ्लक्स लावण्यापूर्वी सांध्याच्या बाजूचा पत्रा काळा करायचा, मग नेहमीची ज्योत लावायची, काजळी उडून गेली की तिथला पत्रा साधारण ४०० अंशांच्या आसपास आला असे समजायचे आणि तेथून पुढे हात जपायचा. दुसरे खुद्द फ्लक्सचे : तो आधी सुकून पांढरा होतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक होतो, आणि तो पारदर्शक झाला की धातू वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो. त्या क्षणापासून रॉडचे टोक सांध्याला सारखे टेकवून पाहायचे. ते चिकटू लागले की भरायला सुरुवात करायची. सुरुवातीला पत्रा थंड असल्याने वेग कमी, पुढे सगळा पत्रा तापत जातो तसतसा वेग वाढवत न्यायचा. पोलादात मिस्त्री एका ठरावीक वेगाने जातात. इथे वेग बदलत राहिला पाहिजे, ही सवय लागायला त्यांना वेळ लागला. आधी त्याच पत्र्याच्या टाकाऊ तुकड्यांवर त्यांनी ती लावून घेतली आणि मगच टाकीला हात घातला.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. फ्लक्समधल्या सोडियममुळे ज्योतीभोवती झगझगीत केशरी उजेड पसरतो आणि कटिंगच्या नेहमीच्या हिरव्या काचेतून वितळलेला धातू त्या उजेडाआड लपून जातो. तो उजेड गाळणारी खास काच मिळते. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ती नव्हती. मिस्त्रींनी नजरेपेक्षा रॉडच्या स्पर्शावर भिस्त ठेवून काम निभावले. तेवढे कौशल्य प्रत्येकाच्या हातात नसते. माझ्या मते ही काच नसताना नवशिक्याला हे काम देऊच नये.

सांधा थंड होताच टाकी आतून बाहेरून गरम पाण्याने आणि ब्रशने घासली, नंतर दहा टक्के नायट्रिक आम्लाने पुसून पुन्हा भरपूर पाण्याने धुतली. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची दिली आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहिले. पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड शिल्लक आहे असे समजते. पहिल्या खेपेस ते किंचित गढूळले, म्हणून सगळे धुणे पुन्हा केले. गळतीची तपासणी त्यानंतरच केली, कारण फ्लक्सचा काचेसारखा थर बारीक छिद्रे तात्पुरती बुजवतो आणि न धुतलेली टाकी खोटा दिलासा देते. बाहेरून खडूची पूड लावून आत रॉकेल ओतले आणि रात्रभर ठेवले. खडूवर डाग उमटला नाही. काही वर्कशॉपमध्ये अशा टाक्या ऑक्सिजनने फुगवून तपासतात. ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले तर तिथेच आग लागते, आणि हा प्रकार कुठेही दिसला तरी तो थांबवला पाहिजे.

लग

कोपरा झाला त्या संध्याकाळी मी निघालो. तुटलेला लग बसवायचे काम बाकी होते आणि नाखवांना टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी हवी होती. मालकांनी नवा लग पत्र्यावर सपाट ठेवून चारी कडांनी जोडला. वरून जोड देखणा दिसत होता आणि बाहेरून तो धुतलाही होता.

मासेमारी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच नौका चालवणाऱ्या तांडेलांच्या लक्षात आले की लगच्या कडेने पांढरी भुकटी बाहेर येते आहे आणि पुसली तरी पुन्हा जमते. टाकी उतरवून लग कापून काढला तेव्हा त्याच्याखालचा पत्रा ठिकठिकाणी खोल खड्ड्यांनी पोखरलेला होता आणि एका जागी आरपार जाण्याच्या बेतात होता. फ्लक्स दोन्ही पत्र्यांच्या मध्ये वाहत गेला होता, चारी बाजूंनी बंद झाला होता आणि समुद्राच्या दमट हवेत आपले काम करीत राहिला होता. त्याच टाकीवर आणि त्याच डब्यातल्या फ्लक्सने केलेला कोपऱ्याचा सांधा मात्र स्वच्छ होता. एखादी गोष्ट वर्गात समजावायला याहून चांगला पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

पोखरलेला भाग कोपऱ्याप्रमाणेच कापून, नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवला आणि लगचा विचार सोडून दिला. त्याऐवजी टाकीभोवती पोलादी पट्टा घातला. पोलाद आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले तर ॲल्युमिनियम झिजते, म्हणून पट्ट्याखाली जाड रबर दिले. पुढच्या बंदीच्या काळात टाकी पुन्हा उतरवून पाहिली, तेव्हा दोन्ही सांधे शाबूत होते. रबराच्या खालच्या कडेला मात्र मीठ साचून पत्र्यावर बारीक खड्डे पडू लागलेले दिसले, म्हणून दर महिन्याला पट्टा सैल करून रबराखालची जागा गोड्या पाण्याने धुवावी, अशी सूचना तांडेलांना दिली आहे.